राउटरचे आवतन

"अक्का, आमची पोरं कुठं गेली?"

फोनवर हा प्रश्न आला तेव्हा मी जेवणाचा डबा नुकताच उघडला होता. दुपारचे दोन वाजून वीस मिनिटे झाली होती. प्रश्न विचारणारे गृहस्थ म्हणजे आमच्या एका ग्राहक शिक्षणसंस्थेचे कार्यालय अधीक्षक, शिवलिंगप्पा. त्यांना सगळेच अप्पा म्हणत. संस्थेच्या बारा शाळा बीदर आणि गुलबर्गा या दोन जिल्ह्यांत विखुरलेल्या होत्या. शाळा-शाळांतून परीक्षेचे अर्ज बीदरच्या मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवर भरले जात, आणि पाचच्या ठोक्याला सगळे एकत्र मंडळाकडे पाठवायचे असत. तो दिवस शेवटचा होता, आणि बाराही शाळा अप्पांच्या कॉम्प्युटरवरून एकदम नाहीशा झाल्या होत्या.

"कधीपासून?" मी विचारले.

"दीडपासून. नेमकं जेवायच्या वक्ताला."

दीड वाजता काय झाले होते हे मला पक्के ठाऊक होते. दीड वाजता मी काम केले होते.

मी मूळची गणिताची शिक्षिका. उदगीरला चौदा वर्षे आठवी-नववीला शिकवले. यजमानांची बदली बीदरला झाली तेव्हा शाळा सुटली आणि मी हैदराबादला जाऊन-येऊन नेटवर्किंगचा एक कोर्स केला. त्या वर्गात मी एकटी बाई, आणि वयाने मास्तरांपेक्षाही मोठी. अडतिसाव्या वर्षी मला बीदरमधल्या एका इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीत नोकरी मिळाली, ती सहा महिन्यांच्या 'ट्रायल'वर. ही गोष्ट त्यातल्या पाचव्या महिन्यातली, दोन हजार दहाच्या आसपासची. ऑफिस एका बिदरी कामाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होते. खाली दिवसभर छिन्नी-हातोडीची टिकटिक चाले आणि वर मी, कोणाला त्रास होऊ नये अशा बेताने कीबोर्ड दाबत असे. आमचे सीनियर इंजिनियर रफीकसाहेब हैदराबादला बसत आणि फोनवरून कारभार पाहत.

त्या दिवशीचे काम काय होते, हे आधी सांगायला हवे.

प्रत्येक ग्राहकाच्या जागी एक राउटर असतो. तो आमच्या राउटरला सारखा सांगत असतो, "हे हे पत्ते माझ्याकडे आहेत, त्यांचे टपाल माझ्याकडे पाठव." आमचा राउटर भोळा. जो जे सांगेल ते तो खरे मानी. महिनाभरापूर्वी भालकी रस्त्यावरच्या एका गूळ-पावडरीच्या कारखान्याने त्याला सांगितले, "साऱ्या जगाचा रस्ता माझ्याकडून जातो." कारखान्यात कोणीतरी राउटरशी खेळताना ही चूक झाली होती. आमच्या राउटरने ते मानले आणि दोन जिल्ह्यांचे इंटरनेट तासभर गुळाच्या कारखान्यात जाऊन बसले. "तुमची चूक दुरुस्त करा," असे आम्ही कारखान्याला कळवले. "सीझन संपला की बघू," असे उत्तर आले.

म्हणून रफीकसाहेबांनी मला फिल्टर लावायला सांगितले. फिल्टर म्हणजे दारावरची यादी. यादीत असेल तोच दावा आत घ्यायचा. जे यादीत नाही ते राउटर नाकारतो, आणि नाकारल्याचे कोणाला कळवतही नाही. या बाबतीत राउटरचा स्वभाव माझ्यासारखाच आहे.

यादीत नावे नसतात, प्रिफिक्स असतात. प्रिफिक्स म्हणजे पत्त्याचा पुढचा, ठरलेला भाग. संस्थेला आम्ही १०.४०.०.०/१६ असा एक मोठा पट्टा दिला होता. शेवटची संख्या जितकी मोठी, तितका पट्टा लहान. सोळाचा पट्टा म्हणजे सगळे घराणे, आणि त्यातलाच चोवीसचा लहान तुकडा म्हणजे एकेक शाळा. मुख्य कार्यालयाचा राउटर सोळाच्या सबंध पट्ट्याचा दावा करी. शाळांचे राउटर आपापल्या चोवीसच्या तुकड्याचा करीत.

मी सगळ्या ग्राहकांची मिळून एक यादी केली. शाळेच्या वेळापत्रकासारखी ती सुबक दिसत होती. त्यात संस्थेसाठी एक ओळ लिहिली: १०.४०.०.०/१६ मान्य. रफीकसाहेबांनी सांगितले होते की गर्दी नसेल तेव्हा काम करा. बीदरमध्ये दीड ते अडीच या वेळात माणसेच काय, इंटरनेटही जेवायला बसते. मी दीड वाजता यादी लावली. मुख्य कार्यालयाचा सर्व्हर सापडतो का ते पाहिले. सापडला. मी वहीत तारीख घालून 'काम यशस्वी' असे लिहिले आणि डबा उघडला.

फोन ठेवल्यावर पंधरा मिनिटांत अप्पा स्वतःच आले. स्कूटर लावून, जिना चढून, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत लग्नाची कार्डे होती. आठ दिवसांवर त्यांच्या धाकट्या मुलीचे लग्न आले होते.

"अक्का," धापा टाकत ते म्हणाले, "अध्यक्षांनी काय सांगितलंय ठावं हाय का? अर्ज गेल्याबिगर रजा न्हाई. मी पोरीचा बाप हाय का पोस्टमन? आन् त्या पोरांचं काय? अर्ज न्हाई गेला तर वरीस जायलंय एकेकाचं! तुमी..."

इतक्यात वरून एअरफोर्सचे शिकाऊ विमान गेले. बीदरमध्ये विमान जाताना कोणी बोलत नाही, कारण उपयोग नसतो. अप्पा तोंड उघडे आणि बोट वर, असेच थांबले. विमान लांब गेल्यावर त्याच बोटाने पुढे म्हणाले, "...तुमी मास्तरीण व्हता म्हणं. मग तुमाला सांगायला पायजे का?"

सांगायला नको होते. माझ्या आठवी-नववीतून पुढे दहावीला जाणाऱ्या मुलांसारखीच ती मुले मला न बघताही दिसत होती. मी अप्पांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि रफीकसाहेबांना फोन लावला.

"साहेब, संस्थेची मुख्य शाखा दिसते आहे. शाळा दिसत नाहीत."

"लाइन पढो मॅडम."

मी ओळ वाचून दाखवली.

"मॅडम, ये तो सिर्फ सोला को लेरा. चोबीस को कैकू लेगा?"

"पण साहेब, चोवीस सोळाच्या आतच आहेत ना?"

"आप के दिल में होंगे. राउटर के दिल में नहीं. एल-ई लगाओ." आणि फोन बंद झाला. ते बसमध्ये होते.

जो संच मान्य, त्याचे उपसंच आपोआप मान्य, असे मी चौदा वर्षे गृहीत धरत आले होते. वेगळे लिहिणाऱ्या मुलांचे गुणही कापले होते. राउटर मात्र आकडा अक्षरशः जुळवून पाहतो. सोळा लिहिले, तर सोळाचाच दावा आत येणार. त्याच्या पोटातले चोवीस त्याच्या लेखी परके. बारा शाळांचे दावे दारातून परत गेले होते. सर्व्हरने शाळांना पाठवलेली उत्तरे सोळाच्या पाटीमागे जाऊन पुन्हा मुख्य कार्यालयातच येऊन पडत होती. आणि तपासायचे म्हणून मी तपासले होते, तेही मुख्य कार्यालयच.

'एल-ई' ही ओळीच्या शेवटी घालायची दोन अक्षरे. त्यांच्यापुढे आकडा घालायचा असतो. 'एल-ई अमुक' म्हणजे 'अमुकपर्यंतचे लहान तुकडेही चालतील'. कितीपर्यंत, हे साहेबांनी सांगितले नव्हते. मी विचारायला हवे होते. पण ज्या माणसाने आत्ताच फोन ठेवला आहे त्याला पुन्हा फोन करणे मला त्या वयातही अवघड जाई. मी वही उघडली. कोर्सच्या वेळी लाल शाईने चौकटीत उतरवून घेतलेली एक ओळ सापडली: ०.०.०.०/० एल-ई ३२. तिच्यात एल-ई होते. आकडाही होता. अक्षरही सुरेख आले होते. मी ती यादीच्या डोक्यावर टाकली.

दोन मिनिटांत अप्पांचा मोबाइल वाजला. मग पुन्हा वाजला. "आली! हुमनाबादची आली. औरादची आली!" अप्पा खुर्चीतून उठले. त्यांनी पिशवीतून पेढ्याचा पुडा काढला, जो कार्डांबरोबर पाहुण्यांना वाटायचा होता. मी एक पेढा घेतला. तो तोंडात होता तेव्हाच स्क्रीनवरचे सगळे दिवे एकामागून एक लाल होऊ लागले. आता फक्त शाळा नव्हे, तर बँका, कॉलेजे, सायबर कॅफे, सगळेच.

टेबलावरचा फोन वाजला. "नमस्कार बाई. मी गूळ कारखान्यातून बोलायलोय. आमच्या ऑफिसातलं ते दिव्याचं मशीन लई तापलंय. तुमी काही पाठवायलाव का आमच्याकडं?"

मी पेढा गिळला. वहीतल्या त्या लाल चौकटीचा अर्थ तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आला. शून्यापासून बत्तीसपर्यंत, म्हणजे जगातला कोणताही पट्टा, कोणत्याही आकाराचा, कोणाकडूनही. फिल्टर लावून मी त्यातच एवढे मोठे दार ठेवले होते. सीझन संपायचा होता, त्यामुळे कारखान्याचा 'साऱ्या जगाचा रस्ता' अजून तसाच होता. तो त्या दारातून ऐटीत आत आला होता, आणि दोन जिल्ह्यांचे इंटरनेट पुन्हा भालकी रस्त्यावर, उसाच्या गाड्यांच्या मागे, एका बारीक तारेवर रांगेत उभे होते.

"बंद करते," मी कारखान्याला म्हणाले.

"बंद नगा करू, जरा कमी पाठवा," ते म्हणाले.

मी लाल शाईची ओळ काढून टाकली. बँका परत आल्या, कॉलेजे परत आली. शाळा पुन्हा गेल्या. घड्याळात साडेतीन झाले होते.

अप्पा आता ओरडत नव्हते. ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून कार्डांवर नावे घालू लागले. रजा मिळो न मिळो, कार्डे वाटायची होतीच. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात ते पेन्सिलीने बारीक खूण करीत होते.

"झालंय तरी काय, ते मला कळंल असं सांगा," मान वर न करता ते म्हणाले. "मी काय संगणकवाला न्हाई. पर बारा शाळंचा कारभार हाकतोय."

मी जमेल तसे सांगितले. यादीत तुमच्या घराण्याचे नाव आहे, पण राउटर फक्त घराण्याच्या नावाने येणाऱ्यालाच घेतो, घरातल्या माणसांना घेत नाही.

अप्पांची पेन्सिल थांबली. "म्हंजे तुमी आमाला घरटी एकाचं आवतन दिलं."

"म्हणजे?"

"आता बघा." त्यांनी दोन कार्डे माझ्यापुढे ठेवली. एकाच्या कोपऱ्यात 'घ' होते, दुसऱ्याच्या 'चू'. "घ म्हंजे घरटी एक. त्या घरचं एक माणूस जेवाय येणार. चू म्हंजे चूलबंद. त्या दिशी त्या घरात चूल पेटवायची न्हाई, झाडून सगळे आपल्याकडं जेवणार. मागच्या लग्नात आमच्या पुतण्यानं भावकीला घरटी एक सांगितलं. लई फुगले! दोन वर्सं बोलाय न्हाईत."

"आणि मी मघाशी केले ते?"

"ते गावजेवण." अप्पा अगदी गंभीर होते. "गावजेवणाला कुणाला बी अडवता येत न्हाई, अक्का. गूळवाला येणारच की."

चौदा वर्षे मी फळ्यावर वर्तुळात वर्तुळे काढून जे शिकवले, ते या माणसाने दोन कार्डांवर मांडले होते. फरक एवढाच की त्यांचे बरोबर होते. आत असणे वेगळे आणि आवतन असणे वेगळे.

"तुम्हाला चूलबंद हवे," मी म्हणाले.

"व्हय. पर चूलबंद म्हंजे त्या चुलीवर जेवणारी माणसं. पावण्यांचे पावणे न्हाईत. कुटंवर घ्यायचं ते बी बघा."

शाळा चोवीसच्या होत्या. म्हणून मी लिहिले: १०.४०.०.०/१६ एल-ई २४. एंटर दाबण्यापूर्वी मी ओळ तीनदा वाचली. मग, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, रफीकसाहेबांना आपण होऊन दुसऱ्यांदा फोन केला आणि तीच ओळ वाचून दाखवली.

"हौ," साहेब म्हणाले. "अब सही है. डालो."

टाकली. अप्पांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. हुमनाबाद, औराद, भालकी, बसवकल्याण... पावणेचार वाजता अकरा बोटे झाली. म्हणजे दहा बोटे आणि पुन्हा एक अंगठा. बारावी येईना.

बारावी शाळा आळंद तालुक्यात, कडगंचीच्या पलीकडे होती. मी इथूनच तार तपासली, ठीक होती. राउटर चालू होता. तो काहीतरी दावा करीत होता आणि आमची यादी तो निमूट परत पाठवत होती. अप्पांनी तिथल्या हेडमास्तरांना फोन लावला.

"मास्तर, तुमच्याकडं काय येगळं हाय का? ... आँ? ... मागच्यांचं काय? ... कामून?" त्यांनी फोन छातीशी धरला आणि माझ्याकडे वळून हलक्या आवाजात, घरातली गोष्ट बाहेर सांगावी तसे म्हणाले, "अक्का, त्या घरात दोन चुली हायत."

प्रकार असा होता. इमारत एक, पण पुढे मुलांची शाळा आणि मागे मुलींची. कॉम्प्युटरची खोलीही एकच. ती खोली कोणाची यावरून दोन हेडमास्तरांचे वाजले होते. शेवटी मध्ये प्लायवूड ठोकले गेले आणि माझ्या आधीच्या इंजिनियरने त्यांच्या चोवीसच्या तुकड्याचेही दोन अर्धे करून दिले. चोवीसचा अर्धा म्हणजे पंचवीस. माझी यादी चोवीसला थांबत होती. प्लायवूडच्या दोन्ही बाजूंची मुले बाहेर उभी होती.

"भाऊ वायले निघाले की दोन कार्डं द्यावी लागतेत," अप्पा म्हणाले. "माझ्याच ध्यानात न्हाई राहिलं."

मी चोवीसचे पंचवीस केले. या वेळी फोन केला नाही, कारण कितीपर्यंत हे आता मला माहीत होते.

चार वाजून दहा मिनिटांनी अप्पांनी दुसरा अंगठा मोडला. अर्ज भरले जाऊ लागले. आळंदच्या त्या शाळेत प्लायवूडच्या दोन्ही बाजूंना एकेकच कॉम्प्युटर होता, त्यामुळे शेवटचा अर्ज आला तेव्हा पाचला तीन मिनिटे कमी होती. अप्पांनी सगळे अर्ज मंडळाकडे गेल्याचे आपल्या ऑफिसातल्या माणसाकडून फोनवर वदवून घेतले, ते दोनदा. मग उरलेला पेढ्यांचा पुडा माझ्या टेबलावर ठेवून, कार्डे पिशवीत भरून, जिना उतरून गेले. माझा डबा तसाच उघडा होता.

रफीकसाहेबांना मी दोन पानी रिपोर्ट लिहिला. त्यात तिन्ही चुका, वेळेसह, क्रमाने मांडल्या आणि शेवटी आपल्याला योग्य वाटेल तो निर्णय घ्यावा, असे नम्रपणे लिहिले. त्यांचा फोन आला. "मॅडम, रिपोर्ट इतना लंबा कोई लिखता क्या? नौकरी पक्की है. पन वो लिस्ट पर रिमार्क क्या डाले आप? समझ में नहीं आरा."

यादीच्या डोक्यावर, पुढच्या इंजिनियरसाठी सूचना लिहायची एक ओळ असते. तिथे मी लिहिले होते, 'चुली मोजून घ्याव्यात.' ती ओळ त्यांना हिंदीत समजावून सांगायला मला पंधरा मिनिटे लागली. त्यांनी ती तशीच राहू दिली.

लग्नाचे कार्ड मला तिसऱ्या दिवशी मिळाले. वर फक्त माझे नाव होते. कोपऱ्यात पेन्सिलीने 'चू' होते. ते मी पाहिले. पण एका ग्राहकाच्या घरी आपण चौघांनी मिळून जेवायला जाणे मला प्रशस्त वाटेना. मी सकाळी घरच्यांसाठी वरण-भात केला, भाजी केली आणि अहेराची साडी घेऊन एकटीच गेले.

मांडवाच्या दारात अप्पा उभे होते, डोक्याला रुमाल बांधून. त्यांनी माझ्या मागे पाहिले. मग थोडे अजून मागे पाहिले.

"अक्का, एकल्याच?"

"हो. म्हणजे मुलांचा अभ्यास..."

"घरी चूल पेटली का आज?"

खोटे बोलणे मला तेव्हाही जमत नव्हते. "वरण-भात लावून आले," मी म्हणाले.

अप्पांनी शेजारी उभ्या असलेल्या व्याह्यांकडे पाहिले. "बघा पावणं," ते म्हणाले, "मशीन एका दुपारी शिकली. शिकवणाऱ्या बाई न्हाई शिकल्या." आणि त्यांनी पुतण्याला, त्याच घरटी एकवाल्या पुतण्याला, स्कूटर घेऊन माझ्या घरी पिटाळले. अर्ध्या तासात यजमान आणि दोन्ही मुले पंगतीत माझ्या शेजारी बसली होती, आणि धाकटा हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, तिसरी वाटी मागत होता.

त्यानंतर मी अनेक फिल्टर लिहिले. पट्टा कितीचा आहे, हा माझा आजही दुसरा प्रश्न असतो. पहिला असतो तो, घरात चुली किती आहेत, हा. ग्राहक जरा चमकतात, पण आकडा अचूक सांगतात.

त्या दिवशीचा वरण-भात आम्ही दुसऱ्या सकाळी फोडणी देऊन संपवला.